ऑकर्टनच्या बागेतून नेलेला कंद

मी, मिस एव्हिस मॉड हॉबडे, वय वर्षे ब्याऐंशी, आजन्म अविवाहित, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार तीन नंबर, फोर्ज रो, मच बार्टन, जिल्हा हेरफर्डशर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. अशर यांनी गेल्या गुरुवारी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि वार विचारला. दोन्ही बरोबर आले. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहून दिले नाही, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी करायचे नसते. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट वकील मि. गिलक्रिस्ट यांनी "बाई, एवढं सगळं लिहायची गरज नसते हो" असे तीनदा सांगितले. गरज त्यांना नसेल, मला आहे.

कलम १. याआधी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते दीड पानाचे होते, सगळे लोर्नाला देऊन मोकळे. वाचायला फार छान होते. ते तसेच राहिले असते तर माझ्या मागे माझ्याबद्दल कोणाला काही कळले नसते.

कलम २. या मृत्युपत्राची कार्यवाह म्हणून मी माझी भाची, लोर्ना पास्क, राहणार लेडबरी, हिला नेमते. ती माझा भाऊ विल्फ याची एकुलती एक मुलगी. तिने सही करण्याआधी हा कागद शेवटपर्यंत वाचावा. लोर्ना, मधली पाने गाळू नकोस. तुला ती सवय आहे.

कलम ३. माझा अंत्यविधी चॅपेलमध्ये करावा. लिली आणू नयेत, त्यांनी मला शिंका येतात. मेल्यावर येणार नाहीत हे मान्य, पण मागच्या बाकावर बसलेल्यांचा विचार करा. विल्फच्या थडग्याशेजारची जागा मी घेऊन ठेवलेली आहे. तिथे मला ठेवायचे की नाही हे लोर्ना ठरवील. ती नाही म्हणाली तर कोणीही, विशेषतः पाद्रीबाईंनी, तिची समजूत घालायला जाऊ नये.

कलम ४. माझे राहते घर, मागची बाग, कोळशाची खोली आणि पोस्टातली शिल्लक लोर्नाला द्यावी. तिने नाकारली तर विकून म्हाताऱ्या माळ्यांसाठी जो निधी आहे त्याला द्यावी. नोकरीबरोबर राहते घर जाणारे जे लोक असतात, त्यांच्यासाठी तो निधी आहे. मी हे का लिहिते ते पुढे येईल.

कलम ५. पुडिंगची भांडी, मोठे डाव आणि माझा चांगला सुरा शाळेच्या स्वयंपाकघराला द्यावा. आलुबुखाराच्या चटणीची कृती प्रुडन्स यॅप हिला द्यावी. १९८८च्या फुलांच्या जत्रेत माझ्या चटणीत दुकानातले व्हिनेगर आहे असे ती परीक्षकांच्या कानात बोलली आणि माझे पहिले बक्षीस गेले. व्हिनेगर घरचेच होते, प्रुडन्स. आता स्वतः करून बघ आणि गप्प बस.

कलम ६. थर्मास, दोन घडीच्या खुर्च्या, गुडघ्यांवर घ्यायची चौकड्यांची शाल आणि तिकीट काढून बघितलेल्या उमरावांच्या जुन्या घरांची सगळी माहितीपुस्तके शेजारी मि. पेरट यांना द्यावी. माझी नजर अधू झाल्यावर आम्हाला गाडीने नेणारे तेच.

आम्हाला म्हणजे मला आणि लोर्नाला. गेली वीसेक वर्षे एप्रिल ते ऑक्टोबर आमचा एक रविवार चुकला नाही. हिवाळ्यातही कुठले घर उघडे असले तर जातोच. साडेदहाला मोठ्या फाटकाशी हजर, फाटक उघडायच्या आधी. गाड्यांच्या कुरणातच अंड्याची सँडविचेस खायची, कारण चहाघरात फक्त स्कोन खायचे हा आमचा नियम. मग लोर्ना घरात आणि मी बागेत. तिला उमरावांच्या पलंगांपेक्षा मोलकरणींचे जिने आवडतात. "आत्या, किती अरुंद गं! बादली घेऊन कशा चढत असतील?" असे ती दर घरात म्हणते, जसे काही मागच्या घरात जिना रुंद होता. मला मूलबाळ नाही. मला जे काही मिळाले ते त्या रविवारी मिळाले आणि ते माझे नव्हते, विल्फचे होते.

कलम ७. माझी तपकिरी हँडबॅग कोणालाही देऊ नये. जाळून टाकावी. तिच्या तळाशी मेणकापडाची पिशवी, ओला रुमाल आणि लहान कात्री आहे. या देशातल्या निम्म्या सभ्य बायकांच्या बॅगांत हे सामान सापडेल. बागेतून हिंडता हिंडता पुढच्या माणसाची पाठ वळली की एक काडी खुडायची, रुमालात गुंडाळायची, आणि चहाघरात जाऊन निरागस चेहऱ्याने बसायचे. माळी लोक वैतागतात, बायका हसतात. चोरीची काडी चटकन मूळ धरते असे आमच्याकडे म्हणतात. माझ्या बागेतली जास्वंदीएवढी मोठी ती जिरॅनियम, भिंतीवरची पिवळी वेल, दारातला रोझमेरी, सगळे असेच आलेले आहे. एकही विकत घेतलेले नाही. या चोऱ्यांची मला लाज नाही आणि त्या मी परत करणार नाही. मोठ्या लोकांच्या बागेतून एक काडी गेली म्हणून कोणाचे काय गेले, असे मी म्हणत असे.

आता आठवे कलम. यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम ८. कोळशाच्या खोलीमागे, हेझलच्या झुडपाखाली, जे स्नोड्रॉपचे, म्हणजे फेब्रुवारीत फुलणाऱ्या इवल्या पांढऱ्या फुलांच्या कंदांचे, बेट आहे त्याबद्दल.

आमच्या गावापासून चार मैलांवर ऑकर्टन कोर्ट आहे. विल्फ तिथे चौदाव्या वर्षी कुंड्या धुवायला लागला आणि तिसाव्या वर्षी मुख्य माळी झाला. नोकरीबरोबर त्याला बागेच्या भिंतीला लागून घर होते. त्यात तो, त्याची बायको नेस्टा आणि लहानगी लोर्ना राहत. ऑकर्टनच्या उंच लिंडेनच्या झाडांखाली विल्फला एकदा एक वेगळाच स्नोड्रॉप सापडला. नेहमीच्या फुलावर हिरवा ठिपका असतो, त्याच्यावर पिवळा होता. त्याने तो बाजूला काढून जपला. मालकीणबाई लेडी क्रेसेज यांचा मुलगा सैन्यात गेला होता. त्याचे नाव ह्यू. तो वारला त्या वर्षी बाईंनी त्या फुलाला त्याचे नाव दिले. विल्फने नऊ वर्षांत एका कंदाचे सात केले. सात! एवढ्यासाठी फेब्रुवारीत गाड्या भरभरून माणसे यायची, चिखलात गुडघे टेकून बघायची. शौकिनांचे वेड ते. लंडनच्या एका गृहस्थाने विल्फला एका कंदासाठी वर्षाच्या पगाराहून जास्त देऊ केले. विल्फने काय करावे? सरळ जाऊन मालकीणबाईंना सांगितले. "तुमच्या कानावर घातलेलं बरं," म्हणाला. असा माझा भाऊ.

१९७९च्या जानेवारीत आमची आई वारली. शेवटची नऊ वर्षे ती अंथरुणाला खिळलेली होती आणि ती नऊ वर्षे मी काढली. सकाळी तिचे सगळे आवरून शाळेत दोनशे मुलांचे जेवण रांधायचे, दुपारी पळत घरी यायचे. विल्फ रविवारी तासभर यायचा. आईच्या दफनाला तो हातांना माती तशीच घेऊन आला आणि चहा न घेता परत गेला, कारण बाग दाखवायचे दिवस जवळ आले होते. निघताना मी त्याला दारात गाठले.

"विल्फ, आईच्या मातीवर तुझ्या त्या ह्यूचा एक कंद लाव."

"तो माझा नाही गं, एव्हिस."

"तू लावलास, तू वाढवलास, आणि तुझा नाही?"

"बाईसाहेबांच्या पोराच्या नावाचा आहे. मी कसा देऊ? दुसरं काही माग."

नऊ वर्षांत मी दुसरे काही मागितले नव्हते. मला असा संताप आला की काय सांगू.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी चांगला कोट घालून ऑकर्टनला गेले. विल्फ फाटकाशी कोणा म्हातारीला हात धरून उतरवत होता. लिंडेनच्या झाडांखाली गर्दी पांगली होती. मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि हँडबॅगेतल्या चमच्याने एक कंद मुळासकट उचलला. शाळेतला पुडिंगचा चमचा. मग चहाघरात जाऊन आल्याचा केक खाल्ला. विल्फ येऊन म्हणाला, "आलीस बरं वाटलं, एव्हिस." मी तोंडातला घास गिळला.

आईच्या नावामागे मी लपणार नाही. तो कंद मी आईच्या मातीवर लावला नाही. घरी आणून कुंडीत लावला. पुढच्या वर्षी फुलला की विल्फच्या पुढ्यात ठेवायचा आणि त्याचे तोंड बघायचे, एवढाच माझा बेत होता.

सोमवारी सकाळी सहा कंद मोजले गेले. लेडी क्रेसेज यांना लंडनचा गृहस्थ आठवला. विल्फनेच सांगितलेला. "सांगून ठेवलंस म्हणजे संशय येणार नाही असं वाटलं होय तुला?" असे त्या बोलल्या आणि मेलेल्या पोरावर डल्ला मारणारा म्हणाल्या. पोलीस बोलावले नाहीत, ही त्यांची कृपा. घर महिन्यात खाली करायचे, शिफारसपत्र नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि मी ती फाशी उभी राहून बघितली.

मी त्याच दिवशी जाऊन सांगू शकले असते. मंगळवारीही सांगू शकले असते. प्रत्येक दिवशी कालच्यापेक्षा जास्त अवघड होत गेले. शाळेतली नोकरी जाईल, चॅपेलमध्ये फुले लावायचे काम काढून घेतील, लोक काय म्हणतील! माझी पाचावर धारण बसली होती आणि मी मूग गिळून बसले. शिफारसपत्राशिवाय मुख्य माळ्याला कोण ठेवणार? विल्फ पुढली तीस वर्षे नगरपालिकेच्या गाडीवर बसून रस्त्याकडेचे गवत कापत राहिला.

आणि राहायला ते तिघे कुठे आले? माझ्याकडे. याच घरात तीन वर्षे राहिले. गावाने माझे कौतुक केले. "बहीण असावी तर अशी," असे प्रुडन्स यॅपसुद्धा म्हणाली. मी कुंडीतला कंद घाईघाईने हेझलखाली पुरला.

लोर्ना सात वर्षांची होती. शाळेत पोरे तिला "चोराची लेक" म्हणत. मी डाव हातात घेऊन वाढत असायची आणि मला ऐकू यायचे. एकदा मी एका पोराला पुडिंग दिले नाही. एवढेच केले.

लोर्नाने मोठी झाल्यावर, नेस्टा गेल्यानंतर, बापाला एकदाच समोर उभे करून विचारले. माझ्याच स्वयंपाकघरात.

"बाबा, आज खरं सांगा. तुम्ही नेलात का?"

विल्फ टोपी फिरवत उभा होता. "काय सांगू, पोरी."

"हो की नाही, एवढंच सांगा!"

"झालं ते झालं. ज्याने नेलं त्याने जगवलं असेल तर बास."

"म्हणजे विकलात," लोर्ना म्हणाली आणि त्यानंतर ती बापाशी बोलली नाही. सोळा वर्षे. रविवार मात्र ती मला देत राहिली.

तिला मी ऑकर्टनला कधी नेत नव्हते. आता ते घर एका संस्थेकडे आहे. एका फेब्रुवारीत तीच हट्टाला पेटली. "चल आत्या, बघू तरी." लिंडेनच्या झाडांखाली बिल्ला लावलेले एक गृहस्थ लोकांना गोळा करून सांगत होते, इथे पूर्वी जगात कुठे नव्हता असा स्नोड्रॉप होता, एक कंद माळ्यानेच विकून खाल्ला, उरलेले पुढच्या माळ्याच्या हातून कुजले. "बिचाऱ्याला वाटलं असेल, सातातला एक गेला तर कोण मोजतंय!" लोक खो खो हसले. पाटीवरही तेच लिहिलेले होते. लोर्ना तडक गाडीत जाऊन बसली. मग म्हणाली, "बघितलंस? त्यांच्यापायी अजून हसतात लोक." मी थर्मासमधून तिला चहा ओतून दिला.

कलम ९. विल्फ २००९च्या नोव्हेंबरात वारला. गवताच्या गाडीवरून उतरला आणि रस्त्याकडेला बसला, तो उठलाच नाही. त्याच्या अंत्यविधीला लोर्ना आली नाही.

पुढच्या मार्चमध्ये मी हेझलखाली गेले. स्नोड्रॉपचे असे असते की फूल ओसरले की दर तीन वर्षांनी बेट उकरून कंद सुटे करावे लागतात, नाहीतर दाटीने मरतात. मी भीतीने त्याला कधी हात लावला नव्हता. तरी ते बेट वर्षानुवर्षे पसरत होते, आणि मी आपली म्हणायची की जागा मानवली. त्या दिवशी खुरप्याला काहीतरी लागले. जस्ताची पट्टी होती. चांगले माळी नावाची पट्टी मातीत पूर्ण दाबून लावतात, चोरांना वाचता येऊ नये म्हणून. त्यावर विल्फच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते: "ह्यू. सुटे केले १९८०, ८३, ८६, ८९," असे करत २००७ पर्यंत.

दर मार्चला तो माझी सफरचंदे छाटायला यायचा. मी त्याला चहा न्यायची. तो म्हणायचा, "तू आत जा एव्हिस, वारा आहे."

त्याला पहिल्या वर्षापासून माहीत होते. आपल्या घरावर, नावावर आणि शेवटी पोटच्या पोरीवर पाणी सोडले आणि माझे नाव घेतले नाही. मी तिथे चिखलात बसून गुरासारखी रडले. आणि उठून आत गेले आणि पुढली नऊ वर्षे तरीही लोर्नाला सांगितले नाही. विल्फने मला झाकले त्याला प्रेम म्हणायचे. मी मला झाकले त्याला काय म्हणायचे ते लोर्नाने म्हणावे.

कलम १०. हेझलखालच्या बेटातले निम्मे कंद ऑकर्टन कोर्टला परत द्यावे. अट एकच. ती पाटी काढावी आणि नवीन पाटीवर लिहावे की हे फूल विल्फ हॉबडे याने शोधले, त्यानेच वाढवले आणि त्यानेच वाचवले, आणि १९७९ साली ते चोरणारी त्याची बहीण एव्हिस. माझे नाव पूर्ण लिहावे. बिल्ला लावणाऱ्या गृहस्थांना जे सांगायचे ते आता माझ्याबद्दल सांगू दे. उरलेले निम्मे लोर्नाचे.

कलम ११. मि. गिलक्रिस्ट म्हणतात की मृत्युपत्र मरेपर्यंत बंद पाकिटात राहते. म्हणजे मी आणखी एकदा पळून जायचे आणि पोरीने थडग्याशी भांडायचे. ते नको. लोर्ना येत्या रविवारी अकराला येईल. हा कागद मी तिच्या हातात देईन, चहा ठेवण्याआधी. यात मी सगळे लिहिलेले आहे.

वरील मजकूर माझाच, माझ्या हातचा आणि माझ्या राजीखुशीचा. साक्षीदारांनी माझी सही बघितली, मजकूर नाही. मजकुरावर मी भांडी पुसायचे फडके घातले होते.

सही: एव्हिस मॉड हॉबडे
साक्षीदार: ग्वेनेथ प्रॉसर, चॅपेलची वादक, डेन्झिल कार्लेस, पोस्टमन
मच बार्टन, मंगळवार, दिनांक १२ फेब्रुवारी २०१९

पुरवणी

मी, वर उल्लेखलेली एव्हिस मॉड हॉबडे, वरील मृत्युपत्राला ही पुरवणी जोडते. डोके अजून ठिकाणावर आहे, असले तरी त्याचा आता मला काही आनंद नाही.

लोर्नाने १७ तारखेच्या रविवारी तो कागद कोट अंगात असतानाच, उभ्याने वाचला. एकही पान गाळले नाही. मग घडी घालून टेबलावर ठेवला आणि गेली. मि. पेरट बाहेर हॉर्न वाजवत होते, आज कोणते घर म्हणून.

नऊ दिवसांनी तिचे पत्र आले. मी ते इथे उतरवते.

"आत्या, कार्यवाह म्हणून माझं नाव राहू दे. ऑकर्टनला बाबांबद्दल जे सांगायचं ते मीच जाऊन सांगेन. कंद मार्चमध्ये मी येऊन काढेन, तेव्हा तू घरात थांब. घर मला नको. तू लिहिलंस की सगळं लिहिलं आहे. नाही लिहिलंस. बाबा गेले त्या आठवड्यात मी तुला फोन केला होता. तो फोन तुला आठवत नसेल असं मला वाटत नाही. रविवारी मी येणार नाही."

ती काल येऊन गेली. मी घरात थांबले. खिडकीतून दिसले की तिला कंद सुटे करता येत नव्हते, हात कुठे घालायचा ते कळत नव्हते. बापाने तिला शिकवले असते. तिने खिडकीकडे बघितले नाही, आणि मी दार उघडले नाही.

म्हणून कलम ९ मध्ये खालील मजकूर वाढवावा. जिथे "लोर्ना आली नाही" असे लिहिले आहे, त्याच्या लगेच पुढे.

"दफनाच्या आदल्या दिवशी दुपारी लोर्नाने मला फोन केला. ती रडत होती. म्हणाली, 'आत्या, मला वाटतंय मी उद्या यावं. कसेही असले तरी बाबा होते माझे. येऊ का?' तिला फक्त 'ये' हवे होते. पण ती आली असती तर विल्फच्या पेटीशी उभी राहून रडली असती, आणि मला ते बघवले नसते, मी खरे बोलून गेले असते. म्हणून मी म्हणाले, 'कशाला येतेस, बाळा. घरीच थांब. कोणाला काही वाटणार नाही.'"

बाकी सर्व कलमे आहेत तशीच राहावीत.

सही: एव्हिस मॉड हॉबडे
साक्षीदार: ग्वेनेथ प्रॉसर; डेन्झिल कार्लेस. या वेळी फडके घातले नाही, दोघांनी वाचून सही केली आहे.
मच बार्टन, गुरुवार, दिनांक १४ मार्च २०१९